कॅन्सस सिटीचं एस्टिमेट

मधुवंतीने कॅन्सस सिटी अजून डोळ्यांनी पाहिली नव्हती, पण तिथे अंड्यांचा डझन कितीला पडतो, कोथिंबिरीची जुडी केवढीशी येते आणि जानेवारीत घर गरम ठेवायला गॅसचं बिल किती होतं, हे तिला तोंडपाठ होतं. अठरा दिवसांत माणूस एखाद्या शहराच्या प्रेमात पडतो का, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, प्रेमाचं माहीत नाही, भाव मात्र सगळे काढून झालेत.

झालं होतं असं, की तिचा नवरा देवेश ओमानमधल्या रुसैलच्या ज्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात चौदा वर्षं नोकरी करत होता, त्याच्या अमेरिकन मालकांनी त्याला त्यांच्या कॅन्सस सिटीच्या कारखान्यात बदली घेशील का, असं विचारलं. महिन्याला साडेसहा हजार डॉलर. उत्तर द्यायला तीन आठवडे. देवेशने ही बातमी बूट काढता काढता सांगितली आणि वर म्हणाला, की ते काही न्यूयॉर्क नाही आणि कॅलिफोर्नियाही नाही, मधल्यामध्ये कुठेतरी आहे. फार महाग नाही, फार स्वस्तही नाही म्हणतात. हा 'म्हणतात' मधुवंतीला जन्मात कधी चालला नव्हता. कोण म्हणतं? कोणत्या महिन्यात म्हणतं? वीजबिल धरून की न धरता?

कारण मधुवंती मुळातली एस्टिमेटर. लग्नाआधी चार वर्षं ती पुण्यात एका बिल्डरच्या ऑफिसात होती. इमारत उभी राहण्याआधी तिला लागणारी वीट न् वीट, पोतं न् पोतं कागदावर मोजायचं आणि बांधायला काय पडेल ते सांगायचं, हे तिचं काम. तिचे आकडे साइटवर चुकत नसत, आणि ठेकेदार तिला टरकून असत. मग लग्न होऊन ती ओमानला आली आणि फॅमिली व्हिसावर आलेल्या बाईला नोकरी करता येत नाही, हे तिला कळलं. तिने दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मुलाखत झकास झाली, आणि व्हिसा बदलून घ्यावा लागेल म्हटल्यावर समोरच्याने 'इन्शाल्ला, कळवतो' म्हणून फाइल मिटली. मग उर्वी झाली. पुढे तिने विचारणंच सोडून दिलं. ते राहत त्या सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मात्र ती शंभर बैसांच्या चिल्लरीसाठी एवढी घासाघीस करायची, की भाजीवाला आदिल तिला लांबून येताना पाहिली की आपणहून भाव उतरवून ठेवायचा.

तर अशा बाईच्या हाती एक अख्खं शहर लागलं. मग काय विचारता! सकाळी साडेसहाला देवेशची गाडी रुसैलकडे गेली आणि उर्वीची शाळेची बस कोपऱ्यावरून वळली, की मधुवंती चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायची आणि कॅन्सस सिटीत उतरायची. तिथल्या किराणा दुकानांच्या साइटवर तिने तिकडचा पिनकोड टाकून ठेवला होता. महिन्याभराचं सामान ती एक एक करून टोपलीत भरायची, बेरीज लिहून घ्यायची, आणि काही न घेता बाहेर पडायची. मग त्या दुकानाचे तिला रोज ईमेल यायचे, की तुमची टोपली तुमची वाट बघतेय, या ना परत. चौदा वर्षांत एवढ्या आग्रहाने तिला कुणी बोलावलं नव्हतं.

फाइल वाढत गेली. घरभाड्याचं एक पान झालं, त्यात कारखान्यापासून वीस मिनिटांच्या आतली एकोणतीस घरं, प्रत्येकापुढे खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते. गाडीचं एक पान, विम्यासकट. थंडीच्या कपड्यांचं एक पान, कारण तिघांकडे मिळून एक स्वेटर होता आणि तोही महाबळेश्वरला घेतलेला. ज्वारीचं पीठ विकणारं दुकान तिने हुडकून काढलं आणि ते शहराबाहेर निघाल्यावर तिथवर जायच्या पेट्रोलचा खर्च पिठाच्या भावात मिळवला. सगळ्यावर पाच टक्के नासधूस धरली, जशी सिमेंटवर धरतात. तिच्या हाताला जुनी सवय सापडली होती, आणि स्वयंपाक करतानासुद्धा ती गुणगुणत होती. देवेश एकदा म्हणाला, की लग्नाच्या वेळी हॉल ठरवताना तिचा चेहरा असा होता. ती म्हणाली, की हॉलवाल्याने तेव्हा जनरेटरचे पैसे वेगळे लावले होते.

शेवटी बेरीज आली. उर्वीची शाळा तिथे फुकट, ही केवढी चैन! घर, गाडी, किराणा, वीज, पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता, सासूबाईंना पाठवायचे ते, सगळं जाऊन महिन्याला सोळाशे डॉलर हातात उरत होते. सीबमध्ये जेमतेम साडेचारशे रियाल उरत, म्हणजे अकराशे-बाराशे डॉलर. मधुवंतीने तीन वेळा तपासलं. मग वरच्या मजल्यावरच्या सादिकभाईंना दाखवलं. सादिकभाई मूळचे रत्नागिरीचे, एका मोठ्या कंपनीत हिशेबनीस, बावीस वर्षं मस्कतच्या परिसरात काढलेले. त्यांनी चष्मा चढवून लाल पेनने एकेक पान तपासलं, एका ठिकाणी सात डॉलरची चूक काढली, आणि फाइल परत देत म्हणाले, "खलास, मधुवंतीबेन. याच्यावर कोणी बोट ठेवू शकणार नाही."

झालं. सादिकभाईंचा शिक्का बसला म्हटल्यावर घरात जायची हवा सुटली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातली गत. देवेशने अजून 'हो' कळवलंही नव्हतं, ते शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी ऑफिस उघडल्यावर कळवायचं होतं, आणि इकडे मधुवंतीने बिल्डिंगच्या ग्रुपवर सामानाची यादी टाकलीसुद्धा. ओमानात घर सोडताना ही रीतच आहे. जाणाऱ्याने यादी टाकायची, आणि राहणाऱ्यांनी येऊन आपापल्या वस्तूवर नावाची चिठ्ठी लावून जायची. पैसे आणि वस्तू शेवटच्या आठवड्यात. अमेरिकेत विजेचा दाबच वेगळा, त्यामुळे प्लग असलेली प्रत्येक वस्तू यादीत होती. शुक्रवारी सकाळपर्यंत फ्रिजवर एक, टीव्हीवर एक आणि इस्त्रीवर चक्क तीन चिठ्ठ्या होत्या.

शुक्रवारी न्याहरीला प्रेमा आली. प्रेमाचा नवरा निशांत देवेशच्याच कारखान्यात होता आणि ती दोघं ठाण्याहून येऊन पाच महिनेच झाले होते. घरात अजून खुर्च्यासुद्धा धड नव्हत्या, त्यामुळे प्रेमा यादीवर तुटून पडली होती. थालीपीठ खाता खाता तिने वॉशिंग मशीन नक्की केलं, डायनिंग टेबल नक्की केलं, आणि मिक्सरवर चिठ्ठी लावून तो मांडीवर घेऊन बसली, कारण मिक्सरवर सादिकभाईंच्या बायकोचाही डोळा होता. मधुवंती तिला कॅन्सस सिटीतल्या कारंज्यांचं सांगत होती. त्या शहरात म्हणे चौकाचौकात कारंजी आहेत. उर्वी मध्येच तिथल्या शाळेच्या जिमचे फोटो दाखवत होती. देवेश चहा गाळत होता आणि त्यालाही शीळ घालायचा मोह आवरत नव्हता.

टेबलावर फाइलचा छापील गठ्ठा होता. प्रेमाने तेलकट बोटं पुसून तो पुढे ओढला. ठाण्यात ती एका शाळेत शिक्षकांचे पगार काढायचं काम करत होती, त्यामुळे असले कागद तिला आवडायचे. पहिलं पान तिने वाचलं. दुसरं वाचलं. मग परत पहिल्यावर आली.

"मधुताई," ती म्हणाली, "यात टॅक्स कुठे धरलाय?"

देवेशने गाळणं हातात धरून वळून पाहिलं. "टॅक्स?" तो म्हणाला. एखाद्या लांबच्या नातेवाइकाचं नाव बऱ्याच वर्षांनी निघावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

आता यात हसण्यासारखं काही नाही. ज्या माणसाने चौदा वर्षं ठरलेला पगार जसाच्या तसा हातात घेतला, त्याच्या डोक्यातून इन्कम टॅक्स ही गोष्टच निघून जाते. देवेशच्या गेली. मधुवंतीने तर मिठाचा पुडासुद्धा सोडला नव्हता, तिच्याही गेली. आणि बावीस वर्षांच्या सादिकभाईंनी लाल पेनने सात डॉलर पकडले, पण त्यांच्या पेनाखालून हजार डॉलर आरामात निघून गेले. गल्फमध्ये मुरलेली तीन डोकी फाइलवर वाकली होती आणि तिघांनाही तो रकाना नसल्याचं दिसलं नाही. दिसलं ते ठाण्याहून नुकत्याच आलेल्या बाईला.

प्रेमाने मोबाइल काढला. केंद्र सरकारचा एक कर निघाला. मग पगारातून कापायचे सोशल सिक्युरिटीचे पैसे निघाले. मग शहर ज्या राज्यात आहे त्या मिसूरीचा कर. आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणून कॅन्सस सिटीचा स्वतःचा आणखी एक टक्का निघाला, तिथे काम करतोस म्हणून. सगळे मिळून महिन्याला साधारण हजार डॉलर. प्रेमा प्रत्येक आकडा अपराध्यासारखी हळूच सांगत होती.

सोळाशेतले सहाशे राहिले. देवेश म्हणाला की ठीक आहे, सहाशे तर सहाशे, इथल्याच्या निम्मे असले तरी हरकत नाही. पण आता मधुवंतीचा अहंकार दुखावला गेला होता. एक रकाना सुटला तर आणखी किती सुटले असतील? आपल्याच कामावर ती धाड घालायला बसली. इथे काय काय आपल्याला द्यावं लागत नाही, असं तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर लगेच सापडलं. इथे आजारपणाचा विमा कंपनी भरते. तिथे पगारातून पाचशे जाणार. इथे दरवर्षी तिघांचं घरी जायचं विमानाचं तिकीट कंपनी देते, इतकं ठरलेलं, की ते पैशात मोजायची गोष्ट आहे हेच ती विसरली होती. तिकिटांचे महिन्याला पावणेचारशे. तिने बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. महिन्याला पावणेतीनशे डॉलरची तूट येत होती.

"म्हणजे चौदा वर्षांचं बस्तान मोडून जायचं, आणि वर पदरचे पैसे घालायचे," देवेश म्हणाला. तो रागावला नव्हता, हेच वाईट होतं. रविवारी नम्रपणे नाही म्हणून कळवतो, असं त्याने सांगितलं आणि चहाचे कप विसळायला लागला. उर्वीने मोबाइल पालथा ठेवला. "मी फ्रेंड्सना ऑलरेडी सांगितला पण," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. प्रेमाने मिक्सर जागेवर ठेवला आणि गुपचूप आपल्या चिठ्ठ्या काढायला लागली. टेबलावरची काढली, मशीनवरची काढली. दारात ती मधुवंतीचा हात धरून सॉरी म्हणाली. मधुवंती तिला म्हणाली, की तू वाचवलंस आम्हाला. ते खरंच होतं.

त्या दिवशी तिला कळलं की आपल्याला जायचं होतं. देवेशच्या पगारासाठी नाही, उर्वीच्या शाळेसाठीही नाही. अठरा दिवस ती सकाळी उठायची ती काहीतरी करायचं आहे म्हणून, आणि उद्यापासून पुन्हा तेच होणार होतं, एसीवाला दहा ते दोनमध्ये येणार म्हणून त्याची वाट बघत बसणं. तिला रडू आलं नाही. चीड आली. आणि ती कुणावर काढावी हे समजेना, म्हणून तिने दुपारभर भांड्यांचं कपाट आवरलं.

शनिवारी सकाळी देवेश उर्वीला घेऊन सीबच्या मासळी बाजारात गेला. मधुवंतीने फाइल उघडली ती बंद करून टाकण्यासाठीच. पण तूट समोर ठेवून फाइल मिटायची तिला सवय नव्हती. पुण्यात एस्टिमेट वर गेलं की साहेब म्हणायचे, मधुवंती, आणखी एकदा बघ. तिने आणखी एकदा बघितलं. लहान घर घेऊन पाहिलं. उर्वीला हॉलमध्ये झोपावं लागत होतं. गाडी जुनी घेऊन पाहिली, विमा वाढला. दोन वर्षांतून एकदाच घरी जायचं ठरवून पाहिलं; सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिने तो आकडा खोडून टाकला. राहिला आजारपणाचा विमा. त्यात काही स्वस्त पर्याय आहे का, हे बघायला तिने देवेशला कंपनीकडून आलेलं नियमांचं चोपडं पुन्हा उघडलं.

चौथ्या पानावर तिने शाळेच्या ओळीला पिवळा रंग फासला होता, फुकट शिक्षणाच्या. आणि त्याच्या बरोब्बर वर एक ओळ होती. बदली कंपनीच्या आतल्या आत होत असल्यामुळे कर्मचाऱ्याच्या पती किंवा पत्नीला तिथे नोकरी करता येते. त्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागत नाही.

मधुवंतीने ती ओळ परत वाचली. मग खुर्ची मागे सरकवून उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि न पेटवलेला गॅस बंद करून परत आली. ओळ तिथेच होती. गेले अठरा दिवस तिथेच होती, आणि तिने ती अठरा दिवसांपूर्वी वाचलीही होती. वाचून बहुधा मनात म्हणाली असेल, की बरं आहे बुवा, त्या बायकांना करता येतं. त्या बायकांना! पुण्यात जिचे आकडे चुकत नसत, तिने जमेच्या बाजूला एकच नाव लिहिलं होतं आणि दुसरं लिहायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. टॅक्स विसरल्याचं तिला काल वाईट वाटलं होतं. आता मात्र तिचे कान तापले.

आणि मग ती खुर्ची पुढे ओढून बसली. तिने नोकऱ्यांची साइट उघडली, पिनकोड तयारच होता, आणि मराठीत स्वतःशी पुटपुटत इंग्रजीत एक शब्द टाइप केला, एस्टिमेटर. त्या शहरात बांधकामाच्या कंपन्या एवढ्या असतील हे तिला माहीत नव्हतं. पानामागून पानं येत गेली. नकाशावरून माल मोजता येणं गरजेचं. निविदा तपासता येणं गरजेचं. दर काढता येणं गरजेचं. वाचताना तिला कॉलेजच्या जुन्या मैत्रिणी एकेक करून भेटत असल्यासारखं वाटत होतं. काही सॉफ्टवेअरची नावं अनोळखी होती, ती तिने वेगळ्या कागदावर लिहून घेतली. एका ठिकाणी तर काम अगदी हाताखालच्या माणसाचं होतं, चार वर्षांचा अनुभव पुरे होता, आणि तासाला चौतीस डॉलर देणार होते, म्हणजे टॅक्स जाऊन हातात सव्वीस.

तिने भागाकार केला. पावणेतीनशेला सव्वीसने भागलं. तूट भरून काढायला महिन्याला अकरा तास लागत होते. अकरा तास! आठवड्याचेसुद्धा नव्हेत, महिन्याचे. रिकाम्या घरात ती मोठ्याने हसली. मग भीतीही वाटली, ती काही खोटी नव्हती. चौदा वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. मुलाखत घेणारा विचारेल, की बाई, मधल्या काळात काय केलंत, आणि आपण काय सांगणार? पण समोर उघडी पडलेली सव्वीस पानांची फाइल कुणी केली होती? न पाहिलेल्या शहराची खिडक्यांपासून कोथिंबिरीपर्यंत मापं कुणी घेतली होती? तीत चूक होती, हेही खरं. पण चूक कळल्यावर उरलेल्या दोन चुका तिनेच काढल्या होत्या, कुणी न सांगता. जमेच्या बाजूला तिने एक ओळ वाढवली आणि तिथे आपलं नाव लिहिलं. आकडा लिहिला नाही. नुसतं नाव बघत बसली.

देवेश आणि उर्वी परत आले तेव्हा देवेशच्या हातात सुरमई होती आणि चेहरा कालच्यापेक्षा फारच निराळा होता. पिशवी सिंकमध्ये टाकून तो हातही न धुता टेबलापाशी आला. बाजारात त्याला निशांत भेटला होता, आणि निशांतने त्याला वेड्यात काढलं होतं. अरे, अमेरिकेत पहिल्या आकड्याला कुणी हो म्हणतं का? ते लोक घासाघीस धरूनच आकडा सांगतात. महिन्याला पाचशे वाढवून माग, डोळे मिटून देतील. तुझ्याशिवाय त्यांचं तिकडे घोडं अडलंय म्हणून तर बोलावतायत. देवेशने गाडीत बसल्या बसल्या ईमेलसुद्धा लिहून टाकला होता. तो त्याने लॅपटॉपवर उघडून तिच्यापुढे धरला. येण्यास तयार आहे, आनंद आहे, मात्र पगारात पाचशे डॉलरची वाढ मिळावी.

"सुटला प्रश्न," तो म्हणाला. "टॅक्स जाऊनसुद्धा तूट भरून वर शंभरेक उरतात. तुला कसलंच टेन्शन नको. आपण जातोय, मधु."

उर्वीने टाळ्या पिटल्या आणि फोन घेऊन आत पळाली. मधुवंतीलाही आनंदाने उडी मारावीशी वाटली, अर्ध्या क्षणापुरती. मग तिच्या लक्षात आलं की देवेशने ती तूट अगदी कडेपर्यंत बुजवून टाकली होती. तिच्यासाठी अकरा तासांचीसुद्धा जागा ठेवली नव्हती.

"देवेश," ती म्हणाली, "पैसे मागू नकोस."

देवेशला वाटलं ती थट्टा करतेय. शंभर बैसांवरून आदिलला घाम फोडणारी बाई महिन्याला पाचशे डॉलर सोडा म्हणते, हे त्याला कसं पटावं? तेव्हा तिने चोपड्याचं चौथं पान दाखवलं, पिवळ्या रंगाच्या वरची ओळ दाखवली, नोकरीची जाहिरात दाखवली आणि अकरा तासांचा भागाकार दाखवला. काम मिळायला वेळ लागला तर काय, हेही तिने आधीच काढून ठेवलं होतं. इथली गाडी विकून येणाऱ्या पैशात वर्षभराची तूट निघत होती. देवेशने सगळं नीट पाहिलं. मग तो शहाण्या माणसाने विचारावं तेच म्हणाला. मग दोन्ही होऊ दे की. मी वाढ घेतो, तू नोकरी कर. तुला कोण अडवतंय?

"कुणी नाही अडवणार," मधुवंती म्हणाली. "इथे तरी कुणी अडवलं? पहिल्या महिन्यात आपण म्हणू, आधी घर लागू दे. मग उर्वीची शाळा रुळू दे. मग थंडी जाऊ दे. मग कुणीतरी म्हणेल, भागतंय ना सगळं, मग कशाला ओढाताण. आणि ते तू म्हणणार नाहीस रे. मीच म्हणेन. मला आता सवय झालीय. ती तूट राहू दे. घराला माझी गरज आहे, असं एकदा आकड्यात लिहिलेलं असू दे."

देवेश लॅपटॉपवर वाकला. जमेच्या बाजूची ती नवी ओळ त्याला आत्ता दिसली. त्याच्या नावाखाली तिचं नाव, आणि पुढे रिकामी जागा. चौदा वर्षं या घराचा खर्च तिच्याच हातून होत होता आणि तिचं नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. हे त्याला कधी खटकलं नव्हतं, आणि आता ते त्याच्या डोळ्यांसमोर लिहिलेलं दिसत होतं. त्याने ईमेल पुढे आणला आणि लॅपटॉप तिच्याकडे फिरवला.

"तूच खोड," तो म्हणाला.

मधुवंतीने बोट ठेवलं. पाचशे डॉलरची ओळ शेवटून एकेक अक्षर मागे येत पुसली गेली, आणि खाली उरलं ते एवढंच, की आम्ही येतोय. आयुष्यात तिने एवढे पैसे एकरकमी कधी सोडले नव्हते, आणि एवढ्या आनंदात तर नाहीच नाही. तिने देवेशकडे पाहिलं. त्याने मान हलवली, आणि रविवारची वाट न बघता तिने ईमेल पाठवून दिला.